सुनेची टाच कुठं पडते

आमची धाकटी सून गणवेशांच्या कारखान्यात कॉलर जोडायची. मान खाली घालून दिवसाला दोनशे कॉलर. अशी बाई तिशीला टेकल्यावर एक दिवस म्हणाली, "बाबा, मला अग्निशमन दलात जायचंय." माझ्या बशीतला निम्मा चहा मांडीवर आला.

भरतीची वजनं आणि शिडी तिला अवघड नव्हती. अडत होतं ते धावण्यापाशी. शंभर मीटर सोळा सेकंदांत हवे होते आणि हिला साडेसतरा लागायचे. वयाच्या अटीमुळं संधी हीच शेवटची. दीड सेकंद हो! तेवढ्यात माणसाला धड शिंकताही येत नाही.

तिनं रोज सकाळी पाच किलोमीटर पळायला सुरुवात केली. महिन्यानं शाळेच्या मैदानावर मी घड्याळ धरलं, तर सतरा पूर्णांक आठ! घरी कळल्यावर आमची ही म्हणाली, "इतकं पळून उलटी चाललीयस का गं?"

मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. आमचे मास्तर छडी घेऊन मागं लागले की वर्ग आपोआप वेगानं पळायचा. वेग वाढवायचा तेवढाच उपाय मला ठाऊक, आणि तो काही सुनेवर चालण्यातला नव्हता.

सून मात्र विचारात पडली. "बाबा, शर्ट कुठं ओढतोय ते उलटा करून बघितल्याशिवाय कळत नाही." तिनं मैदानाच्या एका पट्ट्यावर पाणी मारलं, माती ओलसर केली आणि त्यावरून धावली. मग टेप काढून गुडघ्यांवर बसली. एक टोक माझ्या हातात.

"घट्ट धरा, ढील नको."

पावलापावलातलं अंतर ती तळहातावर लिहीत गेली. मधली पावलं सारखी, शेवटच्या तीस मीटरमधली लांब लांब.

"मग बरंच की! लांब पाय टाकशील तर लवकर पोचशील."

"नाही ना! ही टाच बघा किती रुतलीय. पाय अंगाच्या पुढं पडतोय. दर पावलाला मीच मला ब्रेक लावतेय."

सत्तर वर्षं चाललो, पण आपली टाच कशी पडते ते कधी वाकून बघितलं नव्हतं. लगेच मीही चिखलातून चालून आलो.

"तुमचा डावा पाय फेंगडा पडतो, बाबा."

"तुझी सासू चाळीस वर्षं तेच म्हणतेय!"

आमचा हा उद्योग शाळेतल्या खेळाच्या बाई खिडकीतून बघत होत्या. त्या खाली आल्या आणि पाच किलोमीटर आधी बंद करायला लावले. आठवड्यातून तीनच दिवस, अंग नीट गरम करून, पाय अंगाखालीच टाकत तीस मीटर जीव खाऊन पळायचं, असं सहा वेळा. प्रत्येक वेळी मध्ये तीन मिनिटं थांबायचं. ते थांबणं मला बघवेना.

"पळायला आलीस की उभं राहायला?"

"दमलेले पाय मंद पळायलाच शिकतात, बाबा. बाईंनीच सांगितलंय."

दर आठवड्याला पट्टा ओला व्हायचा आणि टेप फिरायची. शेवटची पावलं हळूहळू आखूड झाली, टाचेचे खड्डे पुसट झाले. घड्याळ सोळा पूर्णांक एकवर येऊन अडून बसलं, ते भरतीच्या दिवसापर्यंत.

भरतीच्या मैदानावर एकदाच धावायचं होतं. शिट्टी वाजली आणि मी दोरीमागून फक्त तिच्या टाचा बघत राहिलो. त्या नादात कोण पुढं, कोण मागं, काही कळलं नाही.

"पंधरा पूर्णांक नऊ," अधिकारी म्हणाले.

"कुणाचे?" सुनेनं विचारलं.

"तुमचेच, ताई."

ती मटकन मातीतच बसली.

"बसू नका, शिडी राहिलीय!"

ती उठली, कपडे झटकले आणि आरामात चालत निघाली. मी दोरीमागून ओरडलो,

"अगं, पळ की!"

"शिडीला घड्याळ नाही लावत, बाबा," ती मागं न बघता म्हणाली. "नुसती चढायची."