मूठवाल्या बाई

"वरनं टाकू नका वैनी, सांडतं. हात आत घाला."

दारात उभ्या राहून त्या झोळीचं तोंड दोन्ही हातांनी रुंद धरायच्या आणि झोळी मुद्दाम खाली, पार गुडघ्याशी न्यायच्या. मूठभर तांदूळ घेऊन आलेल्या बाईला वाकावंच लागे. वाकून वरूनच मूठ सोडली, तर चार दाणे उंबऱ्यावर पडत. मग या खाली बसून एकेक दाणा वेचत. वेचून होईपर्यंत समोरच्या बाईला तिथंच अवघडून उभं राहावं लागे. दुसऱ्या दिवशी ती निमूट हात आत घाली.

भोरात त्यांना सगळे मूठवाल्या बाई म्हणत. गावातल्या चार मंडळींनी मिळून एक धर्मादाय फंड काढला होता. डोंगरातल्या, वेल्ह्याकडच्या खेड्यांतली मुलं-मुली भोरात शिकायला यायची, त्यांच्यासाठी फंडाने बोर्डिंग चालवलं होतं. मराठ्यांची, कोळ्यांची, महारांची, तांबोळ्यांची, सगळी मुलं एका घरात राहत आणि एका पंगतीला जेवत. त्या पंगतीचा भात घरोघरच्या मुठीवर चाले. रोज स्वयंपाकाला तांदूळ काढताना एक मूठ मडक्यात बाजूला टाकायची आणि बाई आल्या की द्यायची. ज्यांच्याकडे मडकं ठेवण्याइतकं नसे, ते त्या दिवशीची मूठ त्याच दिवशी देत.

माझे वडील वकील होते आणि फंडाचे चिटणीसही. मी पुण्याच्या इंग्रजी शाळेतून शिकून परत आले होते. गावात माझ्याशी काय बोलावं हे कुणाला कळत नव्हतं, आणि कुणाशी काय बोलावं हे मला. बायका घरी आल्या की मी आत जायची. बाईंनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव ठेवलं, "मुकी मडम." पण त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. लग्नाचं नाही, परीक्षेचं नाही. झोळी पुढे करायच्या, मूठ घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मडमेचा हात मोठा हाय. चिमटीनं देनाऱ्या पाटलीणबाईंनी ह्यो हात बघाय पायजे." मी हसले की निघून जायच्या. अशा माणसांचा लळा लवकर लागतो, हे तुम्हीही अनुभवलं असेल.

बाई मूळच्या विंझरच्या, मराठ्यांच्या घरातल्या. लग्न होऊन भोरात आल्या. नवरा पलटणीत होता, तो पहिल्या मोठ्या लढाईत समुद्रापलीकडे गेला आणि तिकडेच कामी आला. मूलबाळ नव्हतं. भाऊ माहेरी बोलवत होता, पण त्या गेल्या नाहीत. "भावजयीच्या चुलीपाशी आपली चूल मांडू नये," म्हणायच्या. फंड निघाला तेव्हा वडिलांकडे आल्या आणि सांगितलं, "फिरायचं काम माज्याकडं द्या. मला घरात बसवत न्हाई."

एकदा कंटाळून मी त्यांच्याबरोबर फिरायला गेले. आईला आवडलं नाही, पण वडील हो म्हणाले. तांबोळ्यांच्या घरी पोरांची झुंबड उडाली. प्रत्येकालाच मूठ टाकायची होती आणि प्रत्येकाची मूठ लिंबाएवढी. बाई सगळ्यांची घेईपर्यंत थांबल्या. मग आम्ही महारवाड्याकडे वळलो. तिथं जे पाहिलं ते मी विसरले नाही. एक म्हातारी मूठ घेऊन बाहेर आली आणि लांबच उभी राहिली. हात उंच धरून, झोळीला कुठे लागू नये अशा बेताने ती दाणे सोडू लागली. आमच्या ब्राह्मण आळीतल्या बायका सुरुवातीला जशी मूठ सोडत, अगदी तशीच.

"आजी, सांडतं. हात आत घाला," बाई म्हणाल्या.

"नको माय. तुमची झोळी बामनाच्या दारी जाती."

"जाऊ द्या की. झोळीला काय पाय हायेत? म्या नेती म्हनून जाती."

म्हातारी हसली, पण हात आत गेला नाही. बाई खाली बसल्या आणि मातीतले दाणे वेचू लागल्या. तेव्हा म्हातारी घाबरून त्यांच्याजवळ बसली. दोघी मिळून दाणे वेचू लागल्या आणि वेचता वेचता तिचा हात झोळीत गेला. बाईंनी वर पाहिलं नाही. नाचणीची एक मूठ कुणी दिली होती, ती तेवढी पदराच्या टोकाला वेगळी बांधली, कारण तांदळात मिसळली तर बोर्डिंगची स्वयंपाकीण ओरडते.

पुढे घोटाळा झाला तो वेळेवरून. तोवर बाई आधी आमच्या आळीत यायच्या आणि शेवटी महारवाड्यात जायच्या. पण ऊन वर येईपर्यंत तिथल्या बायका कामाला गेलेल्या असत आणि त्यांची मूठ राहून जाई. "आमचं बी पोर हाय तितं. फुकट जेवतं म्हनतील," असं त्यांनी बाईंना सांगितलं. बाईंनी वाट उलटी केली. आधी महारवाडा, मग आमची आळी.

आळीला हे कळायला फार वेळ लागला नाही. आमच्या शेजारच्या काकू आमच्याकडे येऊन वडिलांना म्हणाल्या, "वकीलसाहेब, आम्ही फंडाला नाही म्हणत नाही. पण ती झोळी कुठून येते ते आम्हाला कळलंय. आमचं सोवळ्यातलं घर आहे." त्या दिवसापासून आळीतली दारं लागली. हात आखडले. बोर्डिंगातला भात पातळ झाला. स्वयंपाकीण पेज करू लागली.

बोर्डिंगात तेव्हा विंझरच्याच महारवाड्यातली धुरपा होती. बाईंनी स्वतः गावी जाऊन, तिच्या बापाची समजूत काढून तिला आणलं होतं. ती सातवीला होती. परीक्षा काही महिन्यांवर होती आणि तिची हुशारी शाळेतले मास्तरही बोलून दाखवत. बोर्डिंग बंद पडलं तर बाकीची मुलं घरी जाऊन पुन्हा येतील, पण धुरपा एकदा घरी गेली की तिचं लग्नच होणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

वडिलांनी बाईंना बोलावलं. मी दाराशी उभी होते.

"पहिल्यासारखं आधी आळीत या," वडील म्हणाले.

"मग त्या बायांची मूठ बुडती."

"मग दोन झोळ्या करा. एक आळीची, एक इतरांची. शेवटी भात एकाच पातेल्यात शिजणार ना? पोरं उपाशी राहण्यापेक्षा बरं."

मला वाटलं आता त्या भडकणार. पण बाई म्हणाल्या, "बरं. करती दोन."

वडिलांना सुटल्यासारखं झालं. त्यांनी आळीत तसा निरोप धाडला. मला मात्र फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई कापड घेऊन मागच्या दाराने माझ्याकडे आल्या. शाळेत मी शिवण शिकले होते आणि घरात हातमशीन होतं. "मडम, दोन झोळ्या शीव. दोनी सारख्या. टाका सुदिक सारखा." मी सुई ओवता ओवता मान वर करून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला इतकं हसू आलं की सुई बोटात गेली.

झोळ्या दोन खांद्यांवर घेऊन बाई आळीत आल्या. काकूंनी दारातूनच विचारलं, "सोवळ्याची कुठली?"

"ही," बाईंनी उजवी पुढे केली.

पुढच्या दिवशी डावी पुढे केली. त्याच्या पुढच्या दिवशी म्हणाल्या, "थांबा हं काकी, आठवती." काकूंना संशय आला. त्यांनी तांबडा दोरा दिला. "आमच्या झोळीला हा बांधून आण. म्हणजे घोटाळा नको." दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा दोन्ही झोळ्यांना तांबडा दोरा होता.

मी आमच्या ओट्यावर होते. काकू ओरडल्या, "अगं, दोन्हींना दोरा आहे!"

"व्हय? दोरा लांब व्हता, काकी. उरला तो वाया कशाला घालवायचा?"

"म्हणजे इतके दिवस आम्ही कुठल्या झोळीत हात घातला?"

"आता ते मलाबी सांगता यायचं न्हाई."

आळीतल्या दोन-तीन दारांतून डोकी बाहेर आली. काकूंच्या मागे त्यांची सून पदर तोंडाशी धरून उभी होती, तिचे खांदे हलत होते. काकू लाल झाल्या होत्या. मला खरंच भीती वाटली, की आता दारं कायमची लागणार आणि धुरपा विंझरला जाणार. बाईंनाही ती भीती असणार, तरी त्यांनी दोन्ही झोळ्या तशाच पुढे धरल्या होत्या.

काकूंनी पुष्कळ वेळ दोन्ही झोळ्यांकडे पाहिलं. मग सुनेवर खेकसल्या, "हसतेस काय! तूही घातलास, मीही घातला. रोज घालून स्वयंपाकघरात गेलो. आता घरात सोवळं राहिलंय कुठलं?" आणि मूठ जवळच्या झोळीत घातली, मनगटापर्यंत. "उद्यापासून एकच आण. दोन-दोन ओझी वागवतेस ती कशाला?"

आळीतली दोन घरं मात्र कायमची बंद झाली. ती बाईंनी कधी पुन्हा ठोठावली नाहीत आणि त्यांच्याबद्दल वाईटही बोलल्या नाहीत. धुरपा पास झाली आणि पुढे शिकून कामथडीच्या शाळेत मास्तरीण झाली.

मग दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात धान्यावर निर्बंध आले आणि मुठीचं फिरणं थांबलं. बोर्डिंग फंडाने दुसऱ्या मार्गाने चालू ठेवलं, पण बाईंना काम उरलं नाही. त्या खंगत गेल्या. शेवटी भाऊ येऊन त्यांना विंझरला घेऊन गेला.

थंडीच्या दिवसांत त्या फार आजारी असल्याचं कळलं. वडील आणि मी सर्व्हिस मोटारीने कापूरहोळला उतरलो आणि तिथून बैलगाडीने विंझरला गेलो. घर चांगलं, ऐसपैस होतं. तरी बाईंचं अंथरूण बाहेर ओसरीवर होतं. पायाशी धुरपा बसली होती. ती शाळेतून रजा घेऊन त्यांच्या शुश्रूषेला आली होती. भावजय आतून तांब्या घेऊन आली आणि धुरपाच्या भांड्यात वरून पाणी ओतलं.

"समजवा की तुमी ह्यास्नी," भावजय वडिलांना म्हणाली. "घर असून भाईर पडल्यात. लोकं आमाला काय म्हनतील?"

"आत मला दम कोंडतो," बाई म्हणाल्या आणि डोळे मिटले. ओसरीवर वारा असा होता की माझे दात वाजत होते. धुरपाने स्वतःची घोंगडी त्यांच्यावर घातली. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "मडम, बोलत जा गं जरा."

ती शेवटची भेट.

त्या गेल्यावर आम्ही पुन्हा विंझरला गेलो. वडील बाईंच्या भावाजवळ बसले होते. मी नेहमीप्रमाणे एका कोपऱ्यात उभी होते. पण या वेळी मीच भावजयीला विचारलं, "शेवटपर्यंत बाहेरच होत्या का हो?"

भावजयीने आधी इकडे तिकडे पाहिलं.

"न्हाई. थंडी लई पडली. आमचं मालक म्हनलं, उचलून आत आना. तर खांबाला मिठी मारली, सोडंनात. एवढं अंगात बळ न्हाई, पर खांब सोडंनात. मला रडू आलं बाई. मग म्या त्या पोरीला म्हनलं, तू आत ये गं आदी. तू आलीस म्हंजी ह्या येत्याल."

"मग?"

"मग काय. एका अंगानं तिनं धरलं, एका अंगानं म्या. चुलीम्होरं निजवलं दोगींनी." भावजयीने पदराने डोळे पुसले. "हट्टी लई व्हत्या. आत आल्यावर मला म्हनत्यात, हितं बरी ऊब हाय."