शिमग्याचं पोस्त

शिमग्याला पुरणपोळी वाढायला सून जुनी थाळी काढते. तिला मधोमध पोचा आहे. "टाका हो आई आता ही," ती म्हणते. मी थाळी उचलून मागे ठेवते.

तो पोचा माझ्याच कालथ्याचा. पंचवीसेक वर्षं झाली. देवरूखजवळच्या आमच्या वाडीत सुगंधाचा नवरा मुंबईहून आला की तिला मारायचा. महिला मंडळात आम्ही ठरवलं, शिमग्यालाच त्याच्या दारात थाळ्या बडवायच्या. सगळे चाकरमानी गावात असतात, चारचौघांत त्याची लाज निघेल.

उन्हं कलताना आम्ही त्याच्या अंगणात उभ्या राहिलो. हवेत होळीच्या राखेचा वास होता. त्याचं नाव घेऊन घसा फुटेस्तोवर ओरडलो. माणसं जमली आणि हसायला लागली. शिमग्यात बोंबा कोण मारत नाही? तोही हसतच पडवीत आला.

"यंदा बायांचे खेळे आले वाटतं! सुगंधा, पोस्त घाल गो त्यांना."

दारोदार नाचणाऱ्या खेळ्यांना देतात तसं पोस्त घेऊन ती बाहेर आली. एक डोळा सुजून मिटलेला. माझ्या थाळीत तिनं नोट ठेवली, वर नारळ.

"जावा आता," ती पुटपुटली. "तुमी थांबलात तं मला जास्त पडंल."

आम्ही निघालो. मागे कडी लागल्याचा आवाज आला.

तेव्हा वाटलं, दिवस तेवढा चुकला. पुढे साध्या दिवसांतही आम्ही थाळ्या घेऊन दुसऱ्या दारांत गेलो. तिथे कुणी हसलं नाही. कुणी बघायलाही आलं नाही.