आत्तीच्या पुतळ्याचं कुंकू

आमच्या गावात शिरताना डाव्या हाताला आरोग्य उपकेंद्र लागतं. त्याच्या दारात चौथऱ्यावर एका बाईचा अर्धपुतळा आहे. ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, डोक्यावर पदर. गावाला त्याचा मोठा अभिमान, कारण सुईणीचा पुतळा आसपासच्या कुठल्याच गावात नाही. मी मात्र तिथून जाताना पाय उचलून चालते. कुणी ओळखीचं भेटलं तरी पुढे जाऊन वडाखाली थांबते.

मी मूळची कोल्हापूर शहरातली, पेठेत वाढलेली. बोलायला फटकळ, आणि चार माणसं जमली की मला चेव येतो. नव्वदीच्या सुरुवातीला लग्न होऊन कागलच्या बाजूच्या ह्या गावात आले. वर्षभरात दिवस गेले. बाळंतपण शहरातल्या दवाखान्यात करायचं ठरलं होतं, पण पोराला घाई झाली आणि जीप मिळेपर्यंत कुणाला दम निघेना. सासूबाईंनी आत्तीला बोलावणं धाडलं.

आत्ती म्हणजे गावची सुईण. सगळा गाव तिला आत्तीच म्हणायचा. काटकुळी, उंच, आवाज मात्र तालमीतल्या वस्तादासारखा. मी ओरडत होते तेव्हा तिनं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. ती आतल्या जिवाशी बोलत होती. "या की पावणं! दारात किती येळ हुबं ऱ्हानार? आईला लई दमवू नगासा." तशा कळांतही मला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच पाहुणे आले.

पुढे रोज सकाळी ती यायची. बाळाला पायांवर घेऊन चोळायची, मला शेक द्यायची, धुरी द्यायची, वर दोन शिव्याही द्यायची. तिच्या कपाळावर दोन भुवयांच्या मध्ये गोंदणाचा हिरवा ठिपका होता. नवरा गेला तेव्हा तिची एकुलती एक मुलगी पोटात होती. बायकांनी कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, पण गोंदण काही कुणाला पुसता येईना. "त्येवढंच ऱ्हायलं बघ माझं," असं म्हणून ती ठिपक्यावर बोट ठेवायची आणि हसायची. माझ्या घरातल्या कुठल्याच बाईशी माझी तिच्याइतकी गट्टी जमली नव्हती.

बारशाच्या दिवशी सकाळी तिनं बाळाला न्हाऊ-माखू घातलं, काजळ-तीट लावली. दुपारी बायका जमायला लागल्या तशी ती दिसेनाशी झाली. पाळण्यात बाळ घालायची वेळ आली. मी विचारलं, "आत्ती कुठाय?"

"ती थांबत नसती बारशाला," सासूबाई म्हणाल्या. "तिला सांगाय लागत न्हाय. तिचं तिला कळतंय."

खिडकीतून मला ती दिसली. गोठ्याच्या सावलीत बसून घुगऱ्या खात होती. आत बायका पाळणा म्हणत होत्या, आणि बाहेर ती त्या तालावर मान हलवत होती. जिनं त्या पोराला जगात आणलं, तिची सावली त्याच्या पाळण्यावर पडायला नको होती, कारण तिचं कपाळ मोकळं. मला लाज वाटली. पण पाळणा हलला, मला नाव घ्यायचा आग्रह झाला, फोटोवाला "इकडं बघा, इकडं बघा" करायला लागला, आणि ती लाज त्यात कुठंतरी वाहून गेली.

पुढच्या काळात उपकेंद्र झालं, नर्स आली, बायका तिकडे जायला लागल्या. आत्तीनं कधी नाक मुरडलं नाही. नर्सच्या हाताखाली पाणी तापवायला जाऊन बसायची. दोन हजार साल उलटल्यावर कधीतरी ती गेली. सगळ्या गावानं खांदा दिला. आमच्या घरातही तोवर सासरे गेले होते. एकेकाळी दागिन्यांनी मढलेल्या सासूबाई आता मोकळ्या कपाळानं, कुणाच्या कार्यात पुढं न होता, स्वयंपाकघरात बसून असायच्या. एकदा भाकरी थापता थापता त्याच म्हणाल्या, "गावानं आत्तीचं काय तरी कराय पायजे. कायमचं ऱ्हाईल असं." तरुण मंडळानं ते उचललं. आमच्याकडे कायमचं म्हटलं की पुतळा. कमिटी झाली. बाईमाणूस हवं म्हणून मला घेतलं, आणि माईकवर बोलता येतं म्हणून सूत्रसंचालनही माझ्याच गळ्यात. खोटं कशाला बोलू, मला ते हवंच होतं.

कोल्हापुरात एका मूर्तिकाराकडे काम दिलं होतं. मातीचं काम झाल्यावर आम्ही बघायला गेलो. मतदानाच्या ओळखपत्रावरच्या इवल्याशा फोटोवरून त्या माणसानं हुबेहूब आत्ती उभी केली होती. भुवयांमधला गोंदणाचा ठिपकासुद्धा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मंडळाचे अध्यक्ष बराच वेळ मान वाकडी करून बघत होते. त्यांचाही जन्म आत्तीच्याच हातचा. ते म्हणाले, "सगळं झ्याक हाय. पर कपाळ लई मोकळं दिसतंय."

"फोटोत आहे तसंच केलंय," मूर्तिकार म्हणाला.

"फोटोचं सोडा वो. गावात शिरताना पयलं त्वांड हेच दिसनार. पोटुशी बाया तितनंच जानार-येनार. एक मोठं कुकू द्या. आनि गळ्यात मंगळसूत्र."

मी म्हटलं, "अहो, आत्ती विधवा होती. जन्मभर."

"वैनी, पुतळा हाय त्यो! पुतळ्याचा काय न्हवरा मरतोय व्हय?"

सगळे खो खो हसले. मीही हसले. विनोद चांगला होता, हेच वाईट झालं. परत येताना वाटेत मिसळ खाल्ली आणि विषय संपला. मूर्तिकारानं ठिपका बुजवला, त्यावर कुंकू चढलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, पण तो मारुती आम्हाला गणपतीच वाटत होता.

अनावरणाच्या दिवशी हलगी, फेटे, फ्लेक्स, सगळा थाट होता. एक पुढारी येणार होते. आत्तीची मुलगी हातकणंगल्याकडे दिलेली. तिला आम्ही अक्का म्हणायचो. तिचाही नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती सकाळच्या एसटीनं आली. काखेत एक पिशवी. मला बाजूला घेऊन तिनं पिशवीतलं नवं इरकली लुगडं दाखवलं.

"वैनी, आईला जित्तेपनी मी कवा नवं नेसवलं न्हाय. लोकं जेवाय गेल्यावर मला एकदा तिच्या खांद्यावर ह्ये घालू द्या. कुनाच्या अध्यात मध्यात येनार न्हाय मी."

"लोक गेल्यावर कशाला?" मी म्हटलं. "सगळ्यांच्या देखत घालायचं. तुमचा पहिला मान."

"नगं वैनी. मागनं घालतो की मी."

मी तिला पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं. थोड्या वेळानं बघते तर ती उठून मागे सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसलेली. सासूबाईंना मी पुढे बोलावलं होतं, त्यांनीही "मी हितंच बसतो" म्हणून हात झटकला होता. कल्पना त्यांची, आई अक्काची, आणि दोघी सगळ्यात मागे, मांडवाच्या खांबाला टेकून. मला राग आला. ह्या गावाला आज दाखवतेच, असं मनात म्हणत मी माईक हातात घेतला.

पुढाऱ्यांनी पडदा ओढला. हलगी कडाडली. पूजेसाठी पाच सवाष्णी ताट घेऊन उभ्या होत्या. मी आवाज चढवून पुकारलं, "पूजनाचा पहिला मान आत्तींच्या कन्येचा! अक्का, या, वर या."

हलगी थांबली. अध्यक्ष माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "वैनी, काय लावलंय? पाच जनी हुब्या हायत की." मागून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, तिला कशाला वर वडतीस?" मी ऐकलं नाही. पुन्हा पुकारलं. माईकवरून, सगळ्या गावासमोर. मग न येऊन ती करणार काय?

अक्का आली. पिशवी छातीशी धरून, खाली बघत पायऱ्या चढली. चौथऱ्यापाशी येऊन तिनं पहिल्यांदा वर बघितलं, आणि बघतच राहिली. मी तिच्या शेजारीच होते, हातात माईक चालू.

"ही कोन?" ती म्हणाली.

ते सगळ्या गावानं कर्ण्यातून ऐकलं. पोरं फिदीफिदी हसली.

"आत्ती आहे, अक्का," मी हळूच म्हटलं.

तिच्या आवाजात राग नव्हता. लहान मुलाला समजावावं तशी ती म्हणाली, "आईच्या कपाळाला कुकू मी कवाच बगितलं न्हाय वो. चांगली केलीया बाई. पर आई न्हवं ही."

 मी एका सवाष्णीच्या हातातलं ताट घेतलं आणि अक्काच्या हातात दिलं, जणू ताट हातात आलं की सगळं सरळ होणार होतं. त्या पाचही जणी एक पाऊल मागे सरकल्या. मुद्दाम नसेल, सवयीनं असेल. एकीनं पदर आवरून घेतला. ते मी पाहिलं आणि अक्कानंही पाहिलं. धरणी दुभंगेल तर बरं, असं मला झालं. ती बिचारी सगळ्यांच्या नजरेआड लुगडं घालून निघून जाणार होती. तिला ह्या चौथऱ्यावर, ह्या नजरांसमोर मी आणून उभं केलं होतं.

अक्कानं ताट परत माझ्या हातात दिलं.

"धरा वैनी. माज्या हातचं तिला चाललं असतं. तुमाला चालायचं न्हाय."

ती वळली. पिशवीतून लुगडं बाहेर निघालंच नाही. मी तिला अडवायला हवं होतं. निदान ताट खाली ठेवून तिच्यामागे जायला हवं होतं. पण अध्यक्ष म्हणत होते, "आटपा वैनी, सायबास्नी कागलला जायाचंय." मी माईक त्यांच्याकडे दिला आणि पुतळ्याच्या रंगवलेल्या कुंकवावर खरं कुंकू लावलं. टाळ्या झाल्या, हलगी सुरू झाली, माईक परत माझ्या हातात आला. मग पुढाऱ्यांचा सत्कार, आभार, सगळं मी ठरल्याप्रमाणे पार पाडलं. आवाज कुठंही अडखळला नाही. त्याचीच मला सगळ्यात जास्त शरम वाटते.

चौथऱ्यावरून स्टँडकडे जाणारा रस्ता सरळ दिसतो. पिशवी काखेत मारून अक्का त्या रस्त्यानं एकटी चालली होती. आणि तिच्या पाठीकडे बघत मी माईकवर सांगत होते, "मंडळी, कुणीही जेवल्याशिवाय जायचं नाही."