पाठककाकांचा काळा राजा

अगं मनू, अशी लांब काय बसतेस, जवळ ये. खैरानला समुद्रावर जायला दर सुट्टीत वेळ असतो, सलव्यात म्हातारीकडे यायला नसतो. आणि आल्या आल्या पाठककाकांना ‘चिल्लरवाले काका’ म्हणालीस. असं बोलू नये गं. माणूस गेलाय, आणि तू त्यांना पाहिलंही नव्हतंस.

इराकच्या युद्धानंतर आम्ही सगळे कुवेतला परत आलो, तेव्हापासून ते समोरच्या दारात. त्यांच्याकडे पोर्तुगालच्या कुठल्याशा जुन्या राजाचं नाणं होतं. चांदीचं, हातोड्याने ठोकून पाडलेलं. मधे पाच ढाली, कडेने राजाचं नाव, आणि रंग तव्यासारखा काळा. आपण चहाला गेलो की आधी हात धुवायचे, मग मागे बांधायचे, मग दर्शन.

“काळेपणा हे त्याचं वय आहे, वहिनी. घासलं की मेलं.”

कडा वेडीवाकडी, म्हणून कुणी हसलं तर म्हणत, “वाकडं आहे म्हणूनच अस्सल.”

काकू आतून म्हणायच्या, “मग माझ्या पोळ्याही अस्सलच. रोज का नावं ठेवता?”

दस्मानला एक वृद्ध कुवेती गृहस्थ होते. लहानपण मुंबईत गेलेलं, हिंदी छान बोलायचे. त्यांच्या दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, दर गुरुवारी नाण्यांचे शौकीन जमत. तिथे आपल्यालाही बसायला मिळावं, यात काकांचा सगळा जीव अडकलेला. शेवटी ते गृहस्थ नाणं पाहायला घरी यायला तयार झाले.

त्या सकाळी काका माझ्या दारात. “वहिनी, चिंच आहे का थोडी? सार करतोय.”

ज्याला गॅस पेटवता येत नाही, तो सार करणार. मी दिली.

संध्याकाळी मीही तिथेच होते. डबी उघडली, तर राजा नव्या वाटीसारखा लखलखीत आणि त्याचं नाव पार पुसट.

पाहुण्यांनी भिंग खाली ठेवलं. “इसको किसने घिसा?”

काकूंनी पदर सावरला. “मैंने. हमारे में मेहमान के सामने काली चांदी नहीं रखते.”

मला वाटलं, सुटले. आता बायकोच्या आड बसतील आणि वर तिलाच चार शब्द सुनावतील. पण काका उभे राहिले.

“नहीं साहब, इसने तो कभी छुआ भी नहीं. मैंने घिसा. आप आने वाले थे, काला कैसे दिखाता?”

म्हातारबुवा इतके हसले की डोळे पुसावे लागले. “गुरुवार को आइए,” म्हणाले. “सिक्का घर पे रखिए.”

काका शेवटपर्यंत जात राहिले, रिकाम्या हाताने. कुणी नवखा चकचकीत नाणं घेऊन आला, की सगळ्यांआधी हेच त्याच्या शेजारी जाऊन बसायचे.

काकू अजून समोरच राहतात, एकट्याच. या शुक्रवारी ये, दोघी जाऊन बसू त्यांच्याकडे.