दाजींची गाडी हादरते

आमच्या दाजींना न्यायला उद्या स्वर्गातून विमान उतरलं, तरी ते आधी त्याच्या चाकांना लाथ मारून बघतील, एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार देऊन ते दाबतील, सोडतील, किती वेळा डुललं ते मोजतील आणि ‘मागचा डावा शॉकअप गेलाय, पण चला,’ असं म्हणून मगच आत बसतील. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कालव्यांवर शाखा अभियंता म्हणून त्यांनी तीस-एक वर्षं काढली, म्हणजे खरं तर सरकारी जीपमध्ये कालव्याकडेच्या रस्त्यांवर आपटत काढली. निवृत्तीनंतर माणसं गुडघे धरतात, नाहीतर देव धरतात. दाजींनी धक्के धरले. कुठलीही गाडी कुठल्याही खड्ड्यात गेली की तिचं नेमकं काय झिजलंय ते आपल्याला बसल्या जागी कळतं, अशी त्यांची ठाम समजूत आहे, आणि वैताग असा की बहुतेक वेळा ते खरं निघतं.

त्यांना लग्नाला घेऊन जाणं ही शिक्षा असते. मांडवात सगळे हातात अक्षता घेऊन उभे आणि दाजी बाहेर वऱ्हाडाच्या गाड्या एकेक करून दाबत असतात. दाबून सोडलेल्या गाडीनं एकदा वर यावं आणि गप्प राहावं. ती दोन-तीनदा डुलली तर शॉकअप मेले, हा त्यांचा नियम. एका लग्नात त्यांनी फुलांनी मढवलेली नवरदेवाची गाडी दाबली आणि थेट वरबापाला गाठून सांगितलं, की या गाडीतून आमच्या मुलीला नेता येणार नाही. वरबापाला वाटलं, मुलीकडचे ऐन वेळी मागं सरताहेत. तो घोळ निस्तरेपर्यंत जेवणाच्या पंगती गार झाल्या. गंगापूरला जाताना काळी-पिवळी जीपमध्ये चौदा माणसांत चेंगरून बसलेले असतानाही त्यांनी ड्रायव्हरला ओरडून सांगितलं की तुझ्या स्प्रिंगचा पाटा तुटलाय. ड्रायव्हर मागं न बघता म्हणाला, “काका, अजून दोन माणसं बसली की आवाज बंद व्हतो.” पुढच्या फाट्यावर दोन माणसं चढली आणि आवाज खरंच बंद झाला. दाजी त्या दिवशी जेवले नाहीत.

पण ही झाली वरवरची तपासणी. खरी तपासणी होते ती माझ्या गळ्यातून. दाजी मला मागच्या सीटवर बसवतात आणि तोंड उघडून एकसारखं ‘आऽऽ’ म्हणायला लावतात. शॉकअप गेले असतील तर तो ‘आ’ लांब हेलकावे खातो, टायर कडक असतील तर बारीक बारीक तुटतो, सांध्यांतले रबरी बुश गेले असतील तर मध्येच गचकन थांबतो, असं त्यांचं शास्त्र आहे. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. माझे विद्यार्थी मला क्रांती चौकापासून चिकलठाण्यापर्यंत काच खाली करून ‘आऽऽ’ करत जाताना बघतात, तेव्हा त्यांना काय वाटत असेल याचा विचार मी सोडून दिला आहे. आकाशवाणीच्या सिग्नलला एका बाईंनी स्कूटर जवळ आणून दाजींना कळवळून विचारलं होतं, की पेशंटला कुठल्या दवाखान्यात नेताय.

इतकं सगळं करून दाजींची स्वतःची गाडी मात्र कुठेच जात नाही. आठ वर्षांपूर्वी घेतली, अजून कोरी दिसते. वेरूळ ठरलं, म्हैसमाळ ठरलं, शेगाव तर तीनदा ठरलं. दर वेळी निघायच्या आदल्या दिवशी दाजींना पुढून काहीतरी बारीक ऐकू आलं आणि बेत रद्द झाला. ताईनं डबे भरायचे आणि तिघांनी ते गारखेड्यातल्या घरी बसून खायचे, अशा आमच्या कितीतरी सहली झाल्या.

यंदा पावसाळा संपता संपता कन्नडला दिलेल्या माझ्या भाचीला दुसरी मुलगी झाली. बारसं रविवारी ठरलं. ताईनं दुपटी शिवली, झबली शिवली, कुंचीला जरीची किनार लावली, डिंकाचे लाडू वळले. लेकीचा बाळंतविडा आपल्या हातानं तिच्या ओटीत घालायचा आणि नातीला पाळण्यात ठेवायचं, एवढंच तिला हवं होतं. अडचण तिच्या कमरेची होती. तिच्या मणक्याचं दुखणं जुनं. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतली नाही, फक्त हादरे बसू देऊ नका म्हणाले. एवढं वाक्य दाजींच्या कानावर पडायला नको होतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी गाडी बायजीपुऱ्यातल्या मिस्त्रीचाचांकडे नेली. गाडी टणक चालते, रस्त्यावरचा खडा न् खडा कळतो, अशी तक्रार. चाचांनी पुढचे बुश बदलले. तरी टणक. मग शॉकअप बदलले, आधी पुढचे, मग मागचे. तरी टणक. दाजी हवा कमी करून बघत, वाढवून बघत, पुन्हा कमी करत. घरात एका जागी बसेनात. चहाचा कप हातात घेऊन फाटकापर्यंत जायचे, गाडी दाबायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. मला रोज बीड बायपासवर ‘आऽऽ’ करावं लागलं. शुक्रवारी मी त्यांना धीर करून म्हणालो, की दाजी, माझा ‘आ’ बारीक बारीक तुटतोय, टायर बघायचे का? त्यांनी गाडी कडेला घेतली, मला उतरवलं आणि टायरवरची खोल नक्षी दाखवली. “याला तू जुनं म्हणतो? ह्याच्यावर केस सुद्धा आहेत अजून रबराचे. तुझा घसा बसलाय.” चाचांनी शनिवारी दुपारी हात टेकले. “साब, गाडी में कुच बाकी नै रखा मैं,” ते म्हणाले. “आवाज अब तुमारे दिल में आरा.”

संध्याकाळी दाजींनी निर्णय दिला. कन्नडला जायचं नाही, बारसं फोनवर बघायचं, भाची व्हिडिओ कॉल लावेल. ताईनं कुंचीची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. तिच्या बडबडीला आम्ही कुणी भीत नाही, तिच्या गप्प बसण्याला भितो. रविवारी सकाळी दाजी अंघोळीला गेलेले असताना तिचा मला फोन आला.

“मला कन्नडला जायचंय. तू येतो का मी एकली जाऊ?” आणि फोन ठेवता ठेवता, “येताना उशी आण.”

आम्ही रिक्षानं बसस्थानक गाठलं आणि मिळाली ती लाल बस पकडली. जागा मिळाली ती नेमकी मागच्या चाकावर. प्रत्येक गतिरोधकाला माझं डोकं वरच्या दांडीला लागत होतं. ताई उशीवर ताठ बसली होती, बाळंतविड्याचं गाठोडं मांडीवर घट्ट धरून, आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला तिचा रागच आला. दौलताबाद मागं पडल्यावर मी म्हणालो, की दाजी वेडे होतील, त्यांच्यासाठी तरी फोनवर बघायचं होतं.

“त्यांना वाटतं माझी कंबर त्यांनी मोडली,” ताई म्हणाली.

मला काही कळेना, तेव्हा तिनं सांगितलं. भाची तेव्हा शाळेत होती. दाजी आणि ताई बिडकीनहून स्कूटरवर येत होते. दाजी काहीतरी सांगण्याच्या नादात होते, स्कूटर खड्ड्यात गेली, ताई मागच्या मागं बसती आपटली. त्याच महिन्यात तिची कंबर धरली. दाजींनी दुसऱ्या दिवशी स्कूटर विकली.

“म्हणजे त्या खड्ड्यानंच गेली ना?”

“कशाचा खड्डा. हंड्यानं गेली.” ती खिडकीबाहेर बघत होती. “तिसऱ्या मजल्यावर ऱ्हात होतो आम्ही, आठवतं का? नळाला पाणी आठवड्यातून एकदा. हे तिकडं शेताला पाणी सोडायला, अन् मी इकडं जिन्यानं हंडे चढवायला. डॉक्टर तव्हाच बोलले होते मला.”

मग हे दाजींना सांगितलं का नाही, असं मी विचारलं. प्रश्न विचारताना माझा आवाज चढला असावा, कारण पुढच्या सीटवरच्या म्हातारबुवांनी वळून बघितलं.

“खड्ड्याचं बरं हाय,” ताई म्हणाली. “गाडी दुरुस्त करत बसतेत. हंड्याचं काय दुरुस्त करतील ते? आता पाणी कुठं अन् हंडे कुठं. तू सांगशील तर बघ.”

खुलताबादला बस थांबली तर दाजी स्थानकात उभे. ओले केस, खालीवर बटणं लावलेला शर्ट, आणि बाजूला ती कोरी गाडी. वाटेत कुठंतरी त्यांनी बसला मागं टाकलं होतं, तेही त्यांच्या हिशेबात न बसणाऱ्या वेगानं. खिडकीखाली येऊन त्यांनी ताईला उतरायला सांगितलं. ताई म्हणाली, तुमची गाडी हादरते. दाजी म्हणाले, यापेक्षा कमी हादरते. हे संभाषण सगळी बस मन लावून ऐकत होती. चहा प्यायला उतरलेला ड्रायव्हर मात्र दाजींच्या गाडीशी गेला, वाकला, त्यानं टायरला नख लावून बघितलं आणि टायर कधी बनलं ते सांगणारे, त्याच्या बाजूवरचे चार आकडे वाचले.

“साहेब, काय काय बदललं?” त्यानं विचारलं. दाजींनी यादी सांगितली. “टायर वाळलंय तुमचं. नक्षी हाय तशीच हाय, पण रबर बघा, नख रुतंना. आठ वर्सं झाली याला. गाडी चालवली आसती तर झिजून कव्हाच बदललं आसतं. उभी ऱ्हाऊन वाळलं.”

दाजी खाली उकिडवे बसले. त्यांनी चारही टायरांना नख लावून बघितलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांना नाडी बघून औषध सांगणारा माणूस बसस्थानकाच्या धुळीत बसून राहिला आणि मला हसू यायच्या ऐवजी भलतंच वाईट वाटलं. ताई कधी खाली उतरली ते मला कळलंच नाही. ती गाडीचं पुढचं दार उघडून आत बसली आणि म्हणाली, “चला. पाळणा थांबलाय.”

पुढचा रस्ता आम्ही बैलगाडीच्या वेगानं केला. उसाच्या ट्रॅक्टरांनी आम्हाला ओलांडलं. प्रत्येक गतिरोधकाच्या आधी दाजी गाडी जवळजवळ थांबवायचे, ओलांडला की विचारायचे, “लागलं?” आणि ताई म्हणायची, “नाही.” असं किती वेळा झालं ते मोजायचं मी सोडून दिलं.

कन्नडला पाळणा खरंच थांबवून धरला होता. आजी आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही, असं भाचीनं सासरच्यांना बजावलं होतं. ताईनं बाळंतविडा ओटीत घातला, नातीला कुंची बांधली, तिला पाळण्यात ठेवलं, आणि बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. दाजी आत आले नाहीत. मी बाहेर आलो तर ते ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते, आणि नवल म्हणजे अंगणात उभ्या असलेल्या जावयाच्या गाडीकडे त्यांचं लक्षसुद्धा नव्हतं.

“तू बसमध्ये होतास,” ते हळू आवाजात म्हणाले. “काही बोलली का ती? बिडकीनच्या खड्ड्याचं?”

एका वाक्यात त्यांची सुटका करता आली असती. ते वाक्य माझ्या ओठांवर आलंही. पण त्या वाक्याच्या मागं हंड्यांचा तीन मजल्यांचा जिना होता, आणि तो एकदा चढल्यावर दाजी परत कसे उतरणार, ते मला दिसेना. आतून ताईचा आवाज सगळ्यांच्या वर येत होता.

“नाही दाजी,” मी म्हणालो. “तिला तो खड्डा आठवतसुद्धा नाही.”

दाजींनी बराच वेळ मान हलवली.

“मला आठवतो,” ते म्हणाले, आणि चपला काढून नातीला बघायला आत गेले.