ओली गोधडी

विंझरला भाड्याच्या खोलीत मी मातीचं शिल्प करत होते. गुडघे पोटाशी घेऊन बसलेली बाई. तिच्या खांद्यांवर खरीखुरी गोधडी पांघरायची होती आणि डोंगरावरच्या वस्तीतल्या एका आजींनी ती महिनाभर बसून हातानं शिवली होती. गोधडी द्यायला त्या आल्या, तेव्हा मी रडकुंडीला आले होते. उन्हाच्या झळांनी मातीच्या पाठीला तडे जात होते.

आजींनी चपला दारात काढल्या. ओल्या बोटानं एकेक तडा दाबून बुजवला. मग ती नवीकोरी गोधडी बादलीत बुडवली, पिळली आणि बाईच्या अंगाभोवती नीट गुंडाळली.

“अहो आजी, खराब होईल ना!”

“गोधडी धुता यील. ही फुटली तर न्हाई जुळायची,” त्या म्हणाल्या. “चुली लिंपण्यात जलम गेला माजा. माती दमानं वाळू द्यावी, पोरी.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या डोंगर उतरून पुन्हा आल्या. तापातल्या लेकराचं अंग बघावं तसा त्यांनी गोधडीखाली हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

“बरी हाय आता,” त्या मला म्हणाल्या.

इतके दिवस मी तिला नुसतं ‘काम’ म्हणत होते.