काचेवरचं स्वस्तिक

"काचेले जपा गा, बाई तर दुसरी भेटते," ठेकेदार वरच्या मजुरांना ओरडून म्हणाला आणि अंगणात खुर्च्या टाकून बसलेले माझे दोन्ही काका हसले.

ती बाई तिथेच होती. भिंतीला लागून, हातात लांब बांबू घेऊन. बांधकामावर काम करणाऱ्या बाईला आमच्या नागपुरात रेजा म्हणतात. तिचं नाव कुणी विचारलं नव्हतं. आणि तिच्या डोक्यावर, गच्ची आणि जमीन यांच्या मधोमध, आमचं सोलर लटकत होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पाणी तापवणारं सोलर आमच्या गल्लीत पहिलंच, म्हणून बाबांनी नातेवाइकांना चहाला बोलावलं होतं. काचेची ती रुंद, जड पेटी जिन्यात वळेना, तेव्हा बाहेरून दोराने ओढायचं ठरलं. मजुरांनी काचेवर पोतं पसरलं, पेटीभोवती दोर आवळायला घेतला, तेवढ्यात आत्या धावली. तिने नुकतंच काचेवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं.

"पुसून जाईन ना! चांगल्या कामात अपशकुन काहून करून राहिले?"

बाबांनी पोतं काढायला लावलं. मग पेटीबाहेर डोकावणाऱ्या नळीच्या दोन टोकांनाच दोर बांधला. शिवाय भिंतीला नुकताच रंग दिलेला. ओरखडे नकोत, म्हणून रेजाला खाली उभं केलं, बांबूने पेटी भिंतीपासून दूर ठेवायला.

"एका अंगाले कलून राहिली, भाऊ," ती वर बघत म्हणाली.

"तू बांबू धर वं. तोंड नको चालवू," ठेकेदार म्हणाला.

मी चहाचा ट्रे घेऊन फिरत होते. घरात माझं काम तेवढंच. कॉन्व्हेंटात शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी. "आमच्या मॅडम आज तरी बोलणार का?" काकू दर वेळेसारखी म्हणाली. मी कप पुढे केला.

तेवढ्यात पेटी गर्रकन फिरली आणि भिंतीवर आदळली. रेजाने मान आखडून घेतली, पण बांबू सोडला नाही. रंगाचा पोपडा तिच्या खांद्यावर पडला.

"अरे, रंग गेला ना!" बाबा म्हणाले.

माझी कानशिलं तापली. स्कूटरवर मागे बसले की "नीट धरलंस ना?" असं तीनतीनदा विचारणारे हेच बाबा. भीती कशी वाटते हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. फक्त ती कुणासाठी वाटून घ्यायची, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. वर दोर कुरकुरत होता. काका बिस्किट बुडवत होते.

मी ट्रे जमिनीवर ठेवला, चालत गेले आणि रेजाच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आत्या किंचाळली. बाबा खुर्चीवरून उठले.

"बाबा," मी म्हटलं, "आधी हिला बाजूला होऊ द्या. भिंत खराब झाली तर होऊ दे."